अकरा दिवस

नांदगावच्या पुढे डांबर संपतं
तिथे पठारावर उभी राहून मी मनोऱ्याचे ताण तपासते.
बारा तारा. एक सैल.
एक कुणीतरी कापून पुन्हा बांधलेली.
ऐंशी मीटरवरची वाटी आज गरगरते आहे,
पण जुलैच्या चार तारखेपासून चौदापर्यंत
तिने काहीच सांगितलेलं नाही.
तक्त्यात अकरा ओळी कोऱ्या.

बँकेला कोरं चालत नाही.
तिला हवा असा आकडा
जो दहातल्या नऊ वर्षांत खोटा पडणार नाही.
बाकीचं भरून झालंय :
पात्याचा ट्रेलर मनमाडच्या वळणावर अडेल – मध्यम.
वीज पडेल – मध्यम.
वटवाघळं – अभ्यास अपुरा.
शाळेच्या भिंतीवरून चार ते साडेचार
फिरत राहणारी सावली – कमी.
(शाळेला विचारलेलं नाही.)

पुंजाराम शेरमाळे, मनोऱ्याचा रखवालदार,
खताच्या दुकानाची डायरी पुढे करतो.
"यंत्र मुकं झालं, तव्हा मीच लिव्हत गेलो."

चार : टोपी गेली. घावली नाही.
पाच : रातभर पत्रा वाजला.
सात : शेळ्या वाऱ्याला पाठ देऊन उभ्या.
नऊ : बोलाया तोंड उघडवंना.
दहा : कमी. चहा भायेर केला.
बारा : एका तारेचा आवाज येगळा येतो. सायबाला फोन.
आणि खाली हिरव्या शाईत : उचलला नाही.

टोपी सेकंदाला किती मीटरवर उडते?
मी खरंच हिशोब करत बसते.

ठकूबाई पाण्याचा तांब्या ठेवते.
काय काम करता, ताई?
जोखीम जोखते, मी म्हणते.
तिचा हात चटकन गळ्यापाशी जातो,
मग स्वतःच हसते.
"आमच्यात जोखीम म्हंजी अंगावरलं सोनं.
हे चार मणी. जोखायचे का?"

नाशिकला परतल्यावर
शेजारच्या केंद्राच्या नोंदी ताणून, जुळवून
अकरा ओळी भरते. अनिश्चितता दोन टक्के वाढते.
डायरीची पानं मात्र शेवटी जोडते,
परिशिष्ट सहा, हिरव्या शाईसकट.

मुंबईहून विचारणा येते :
हे चुकून आलंय का?

नाही, मी लिहिते.
बारा तारखेची ओळ वाचा.
ती तार अजून सैल आहे.