डिसमिस

पास्कू मिस्त्रीने फ्रेमवर तळहात ठेवला, पॅडल फिरवलं.
"व्हकलेसारखी नटवन हाडलंस,
मगे रडता कित्याक ती?"
मी हसले. तो हसला नाही.
क्रँकच्या मागे बोट घालून
तांबडा गाळ उचलला, अंगठ्यावर चोळला,
भाताचं शीत दाबून बघावं तसा.
"दाभोलीचो सडो. चिरेखाणीकडसून इलंस."

तो चिखल ओळखतो.
खाडीकडचा काळा, सुंगटांचा वास असलेला.
बांधावरचा लोण्यासारखा, नुसता घसरवणारा.
आणि हा जांभ्याचा,
ज्यात दगडाची पूड इतकी बारीक
की चार उतारांत ब्रेकचे पॅड पापड होतात.

आठवडाभर उघडीप नव्हती.
मी टायरमधली हवा कमी केली होती,
दाबलं तर पिकल्या फणसाइतकी दबेल एवढी.
एवढं मला येत होतं.
सड्यावरून पाणंदीत उतरले,
दोन्हीकडे गडगे, गडग्यांवर शेवाळ, मधे पाणी,
पाण्याखाली काय आहे ते आधी चाकाला कळतं.
सीटवर बसायचं नाही. वजन मागे.
हँडल आवळायचं नाही.
दगडाकडे बघायचं नाही, दगडाशेजारच्या वाटेकडे बघायचं,
कारण जिथे बघशील तिथेच जाशील.

एका वळणावर मी बघितलं.

कोपर सोललं. मागचं चाक फिरेना.
फ्रेम आणि टायरच्या फटीत
चिखल, तेरड्याची पानं, एक अख्खी गोगलगाय.
सायकल खांद्यावर घेऊन वर चढले
तर गोठ्याशी शेण भरणारी बाई म्हणाली,
"माणूस सायकलीर बसता,
हय सायकल माणसार बसली,"
आणि खराट्यातली एक हीर उपसून दिली.
त्या हिरीने मी गिअरच्या दातांतला चिखल काढला,
एकेक दात,
पेडवे खाऊन झाल्यावर कोणी बसावं तशी, निवांत.

चूक नंतर केली.
तिठ्यावर गाड्या धुतात तिथे
वीस रुपयांत फवारा मारून घेतला.
लखलखली. दोनदा वळून बघितली.
तिसऱ्या दिवशी पॅडल मारताना
खालून कोणीतरी भाजलेले काजूगर चावायला लागलं.

"पानी भायर काडता काय भुतूर घालता?"
एवढंच विचारलं पास्कूने.
करवंटीत रॉकेल ओतलं, सोडण कुटून कुंचा केला,
बेअरिंगच्या गोळ्या माझ्या ओंजळीत मोजून दिल्या.
तीस वर्षं त्याने ट्रॉलरची इंजिनं उघडली.
त्यात डावा कान गेला, उजवा अर्धा.
म्हणतो, खारा वारा रात्रीचा खातो, गप,
सकाळी नुसती भोकं दिसतात.
चिखल बरा. खाताना दात वाजवतो.

चेनच्या एकेका कडीवर एकेक थेंब तेल,
मग सगळं पुसून काढलं.
मी म्हटलं, आता तर लावलं?
"त्याल कडयेच्या पोटात व्हया. आंगार नको."

शेवटी डिसमिसचं टोक क्रँकच्या मुळाशी टेकवलं,
मूठ आपल्या जबड्याच्या हाडाला.
डोळे मिटले. खूण केली: फिरव.

बंदरावर बर्फाचा ट्रक मागे येत होता
त्याची ती रडकी धून,
कावळे, पत्र्यावर झावळ्यांचं गळणं,
यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.
"एक कण रवलो हा," तो म्हणाला,
आणि डिसमिस माझ्या हातात दिला.

मी हाडाला लावला.
आधी माझंच रक्त ऐकू आलं.
मग लांबची, सरळ, तेलकट घरघर.
मग दर फेरीला एकदाच

टिक.

अख्खा सडा, माझ्या दाढेत.

"उद्या परत उघडुया."
पैसे घेतले नाहीत. काम झालं नव्हतं ना.
सायकल त्याच्या माळ्याखाली उलटी ठेवून
मी चालत निघाले,
चपलांना चिखल धरत होता, सोडत होता,
आणि मी ऐकत होते.