मोठा एफ

वेस्तमान्नाच्या धक्क्यावर, खाद्याच्या गोदामावरच्या खोलीत
रान्वा एकटी आहे.
सप्टेंबर सरत आलाय, फ्योर्ड काळा, वारा पडलेला.
फेरो बेटांवर वारा पडणं ही बातमी असते,
आणि आज ती चांगली नाही:
पाणी हलत नाही,
पिंजऱ्यांतल्या सॅमन माशांचा श्वास
त्यांच्याभोवतीच शिळा होत जातो.

काळ्या पडद्यावर ती एक ओळ टंकते.
टेल, डॅश, एफ, मग फाइलीचं नाव.
केवढा तरी लांब रोजनामा;
त्याचं फक्त शेपूट हिच्या हातात,
दर दहा सेकंदांनी एकेक पेर वाढणारं.
पिंजरा तीन, आठ पूर्णांक नऊ.
पिंजरा चार, आठ पूर्णांक एक.
पिंजरा पाच, आठ पूर्णांक नऊ.
डोळ्यांत तेल घालून बसावं म्हणतात;
हिने टेल घातलंय.

साडेअकराला आकडे मुंग्या होतात.
मग ती पुढे ग्रेपची चाळणी लावते:
सातच्या खाली गेलं तरच दाखव, एरवी गप्प बस.
कानावरून हात काढावा तसा पडदा रिकामा होतो.

बाराला बोटीवरून ट्रोंदूर विचारतो,
"होग्नी, आलबेल?"
होग्नी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली.
पण बोटीवाल्यांच्या लेखी त्या खुर्चीचंच नाव होग्नी,
बसेल तो होग्नी.
पूर्वी ती दुरुस्त करायची.
आता नुसतं "हो" म्हणते.

बारा पन्नासला दोन ओळी:
पिंजरा चार, सहा पूर्णांक नऊ.
पिंजरा चार, सहा पूर्णांक आठ.
ती खुर्चीच्या कडेवर सरकते.

यंत्राला उन्हाळी वेळ कळत नाही;
बेटावर एक वाजतो तेव्हा त्याची मध्यरात्र.
त्या ठोक्याला जुनी फाइल बाजूला होते,
तिच्या नावामागे एक आकडा चिकटतो,
आणि तिचं नाव एका कोऱ्या फाइलीला मिळतं.
तेरावं आणि बारसं एकाच सेकंदात उरकतं.
आवाज नाही.

नंतर पडद्यावर काही नाही.
एक दहा. एक वीस.
वारा सुटला असेल, रान्वा म्हणते,
आणि विणायला घेते. बाहीचे अकरा फेरे.
इतकी शांत रात्र पुष्कळ दिवसांत झाली नव्हती.

एक एक्केचाळीसला फोन.
होग्नीला झोप येत नाही, त्याची ती सवय मोडलेली नाही.
"काय चाललंय?"
"काहीच नाही. गप्प आहे."
"कधीपासून?"
"एकपासून."
पलीकडे तो उठून बसल्याचा आवाज.
"बरोब्बर एक? छोटा एफ की मोठा?"

ती पडद्याकडे बघते.

"छोटा फाइलीला धरून राहतो," तो सांगतो, घाईत नाही,
"तिचं नाव काढून घेतलं, कोपऱ्यात टाकली,
तरी तिच्याच उशाशी बसतो.
मोठा नावाला धरतो. नाव जाईल तिकडे जातो.
शिफ्ट दाब, पोरी."

शिफ्ट.
आणि ओळी भळभळतात:
पिंजरा चार, चार पूर्णांक सहा.
पिंजरा चार, चार पूर्णांक पाच.
पिंजरा पाच, सहा पूर्णांक तीन.
हे सगळं सुरूच होतं,
आपल्या जागी, आपल्या नावानं,
बोंब मारून मारून.

"ट्रोंदूर! चार नंबर. नळ्या सोड, प्राणवायू पूर्ण.
मग पाच."
"कोण बोलतंय?"
"होग्नी बोलतेय."

सकाळी क्रेनने सहाशे बारा मासे उचलले.
अहवालात लिहिलं: संवेदक निर्दोष, सर्व्हर निर्दोष.
तिसरा रकाना मोकळा होता.
रान्वाने त्यात सहा शब्द लिहिले आणि सही केली.

मग जुनी फाइल उघडून शेवटची ओळ पाहिली.
सहा पूर्णांक आठ.
ती खोटं बोलली नव्हती,
तिला पुढचं कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

ते अकरा फेरे तिने उसवले नाहीत.
डावी बाही जरा लांब आहे.