मोगरीचा आवाज

सात कप्तान आले, सात गेले. सुतार एकच.
तो माझा बाप, एझ्रा टॉमसेट.
बत्तीस तोफांची 'कॉन्स्टन्सी' चॅटमच्या गोदीतून पाण्यात उतरली
तेव्हा पाद्री, बँड आणि रेशमी छत्र्या
सगळे नाळेपाशी उभे होते.
बाप खाली, उतरणीला चरबी फासत.

लोक विचारतात, लढाया किती केल्या?
एक.
चाळीस मिनिटं, बिस्केच्या उपसागरात, धुक्यात.
धरून आणलेलं फ्रेंच जहाज विकलं, पैसे वाटले.
कप्तानाला विल्टशरमध्ये हरणांसकट घर.
बापाला सव्वीस पौंड, तेही तीन वर्षांनी,
आणि डाव्या कोपराखाली
जहाजाच्याच ओकची एक ढलपी.
गोळा फ्रेंचांचा, जखम आपल्या लाकडाची.
सर्जनला ती निघाली नाही.
हवा बदलली की सलायची. "पाऊस येणार," म्हणायचा बाप,
आणि यायचाच. केंटमध्ये तो तसाही येतो.

उरलेली वर्षं?
व्यापाऱ्यांची गलबतं हाकत नेली, मेंढ्या नेल्यासारखी.
ब्रँडीच्या चोरट्या होड्यांमागे धावली, बहुतेकदा उशिरा.
आणि अकरा वर्षं मेडवेच्या चिखलात,
डोलकाठ्या उतरवलेली, तोफा काढलेली,
नांगराला बांधलेली म्हैस.

तिथेच मी वाढले.
खलाशी घरी पाठवले, कप्तानाला अर्धा पगार,
पण सुतार जहाजासोबतच राहतो, कायदाच तसा.
तोफांच्या रिकाम्या खिडक्यांत आईचं धुणं,
भरती आली की आमचं घर वर, ओहोटी लागली की खाली,
आणि रोज सकाळी टक, टक, टक.
बाप मोगरी घेऊन फळीफळीचा कानोसा घ्यायचा.
"केझाया, ऐक. हे भरीव.
हे पण भरीव.
हे... पुन्हा ऐक."

मग अमेरिकेचं युद्ध आलं नि सगळ्यांना घाई झाली.
तळाला तांब्याचा पत्रा ठोकला.
शेवाळ धरणार नाही, किडा लागणार नाही,
घोडीसारखी पळेल, म्हणाले. पळालीसुद्धा.
पण तांब्याआड लोखंडी खिळे
आतल्या आत झिजत होते.
वरून जहाज नव्या नवरीसारखं लखलखीत.
बापाने ऐकलं. लिहून कळवलं. चार वेळा.
गोदीतून एकदाच उत्तर आलं:
सुताराने कागद जपून वापरावा.

शेवटी लिलाव झाला.
रॉदरहाइदच्या एका भंगारवाल्याने घेतलं,
तेराशे दहा पौंडांना, काठ्यांसकट.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथे वासे सगळे जागेवर होते. फिरला तो माणूस.
भंगारवाल्याला हवा होता कोणीतरी
ज्याला प्रत्येक खिळा कुठे आहे ते तोंडपाठ आहे.
रोजचे दोन शिलिंग नि बिअर.
बाप गेला.
आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

मी डबा घेऊन जायचे.
तो खडूने खुणा करायचा, पोरं पहारी घालायची.
"हळू," ओरडायचा, "तिथून नाही, तिथून ती फाटेल!"
फाडायलाच आलेली पोरं. ती हसायची.
त्याचा तळ उघडा पडला त्या दिवशी
गंजाची लाल भुकटी मुठीत घेऊन
तो बराच वेळ उभा राहिला.
मला वाटलं रडेल.
"चार वेळा कळवलं होतं," म्हणाला,
आणि चक्क खूश दिसला.

गिलिंगहॅमच्या चर्चमागे पुरला त्याला,
ढलपीसकट.

आता माझी बेकरी आहे, लहानशी.
पाव भट्टीतून काढला की उलटा करून
बोटाने वाजवते.
पोकळ आवाज आला म्हणजे पाव झाला.
इतकी वर्षं झाली,
तरी तो आवाज आला की
क्षणभर पोटात खड्डा पडतो.
मग गिऱ्हाईक हाक मारतं.