शेगडी सोडून

माझं ऑफिस लक्ष्मीपुरीत, जिन्याखाली.
तीस वर्षं गुंठे विकले मी,
उचगावचे, पाचगावचे,
पूररेषेच्या बाहेरचे, आणि खोटं कशाला बोलू,
आतलेही.
बर्फातलं घर पहिल्यांदाच आलं विकायला.
कुसुमाक्का मगदूम घेऊन आल्या,
बाजाराच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली
त्याचे कागद.

दोन खोल्या. हिमाचलात, शेवटची बस थांबते
तिच्याही वर. नव्व्याण्णव वर्षांचा करार.
सहा महिने रस्ता, सहा महिने नुसतं पांढरं.
बाबगोंडा मगदुमांनी घेतलेलं.
शिरोलीच्या फौंड्रीत चौतीस वर्षं
वितळत्या लोखंडासमोर उभं राहून
भुवया कधी नीट उगवल्याच नाहीत त्यांच्या.
म्हणायचे, मरायच्या आधी एकदा
थंडीनं दात वाजले पाहिजेत माझे.

वाजले. पहिल्याच रात्री.
मग पुढच्या वर्षी माणसानं
स्वतःच्या साच्यात शेगडी ओतली.
बेचाळीस किलो. झाकणावर उसाचं एक पेर.
रेल्वेनं नेली, ट्रकनं नेली,
शेवटी खेचराच्या पाठीवर चढवली.
'आगीपासनं पळालो, आन् आगच घिऊन आलो बघ.'
अक्का सांगताना हसल्या नाहीत.
तेव्हा हसल्या असतील.

गिऱ्हाईक हुपरीचं. सुकुमार गाट, चांदीवाले.
पोरगं बर्फावरून घसरायला शिकतंय म्हणे,
त्याला फी भरून.
दार कुठल्या तोंडाला? नळ गोठतो का?
पत्र्यावरचा बर्फ कुणी काढायचा, आणि तो कुणाचा?
मी फ्रीजरमधल्या थरापलीकडे
बर्फ बघितलेला नाही.
तरी मान डोलावली. धंदा आहे.

नोंदणी तिकडं, इसारपावती इथं.
चतुःसीमा लिहायला राखणदाराला फोन लावला, पलदेनला.
पूर्वेस काय?
म्हणाला, सफरचंदाची बाग असते.
पश्चिमेस?
ओढा असतो.
असतो म्हणजे?
साहेब, आता मार्च आहे. आता सगळं एकच आहे.
त्यानं फोन खिडकीबाहेर धरला.
तीन माणसं आम्ही त्या कोऱ्या पडद्याकडं
बघत बसलो, कागद वाचल्यासारखी.

मग माझं नेहमीचं, पाठ असलेलं:
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप
यांसह, दरोबस्त.
इथं पेन अडलं.
बर्फ यातलं नेमकं काय?
वाहत नाही, म्हणून जल नाही.
टिकत नाही, म्हणून पाषाण नाही.
आजोबांच्या वेळेपासून चालत आलेल्या त्या वाक्यात
त्याला बसायला पाटच नव्हता.

गाट म्हणाले, दोन रजया, भांडी, शेगडी, सगळं धरून ना?
शेगडी सोडून, अक्का म्हणाल्या.
तिचं वजन किती?
वजनावर नाही ती.
अक्का, तिथनं इथं आणायची कशी? आणि इथं करायची काय?
आणायची नाही. पलदेनच्या घरात ठेवायची.
त्याची आई म्हातारी आहे.

मग लाख कमी होतील.
होऊ देत.
गाटांनी मोबाईलवर भागाकार केला, सवयच ती:
किलोला चोवीसशे पडलं की ओ लोखंड!
पडू दे.

माझं कमिशनही कमी झालं त्यात.
हे मी कुणाला बोललो नाही, इथं बोलतोय.

संध्याकाळी पलदेनचा फोन.
फळीवर घालून दोघांनी ओढत नेली,
मध्ये एकदा रुतली, पेटली आता.
कोल्हापुरात किती आहे आज?
सदतीस, म्हटलं.
तो इतका हसला
की त्याच्या मागं कुणीतरी, बहुतेक आई,
काय झालं म्हणून विचारताना ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सह्या.
'जल' आणि 'तरू' यांच्या मधोमध, ओळीच्या वर
बारीक अक्षरात मी 'बर्फ' घातलं,
आणि वाढवलेल्या शब्दाशेजारी
नियमानं तिघांच्या आद्याक्षरी घेतल्या.
अक्कांनी आपली जरा मोठीच केली.
मग पेनला टोपण लावलं, पिशवी चाचपली,
आणि म्हणाल्या, काल मेथी तशीच राहिली बघा,
पार सुकून गेली.