मूळ प्रत

तोर्शहाव्हनच्या बंदरामागे, पूर्वी जिथे
खारवलेला कॉड रचून ठेवायचे त्या गोदामात
आता शहाण्णव संगणक. आठ कपाटं, प्रत्येकात बारा.
जानेवारी. साडेनऊ झाले तरी उजाडायचं नाव नाही.
रान्वा लोकरीचे मोजे चढवून आत जाते.
पायांना गार वारा, मानेला गरम.

बेटांच्या फटींतून समुद्र धावतो,
दिवसातून चार वेळा दिशा बदलून.
तो किती जोरात धावेल हे ही यंत्रं आदल्या रात्री सांगतात.
धक्क्यावर हानुस कॉफीत साखर ढवळत म्हणतो,
हे मला माझा गुडघा फुकट सांगतो.

शहाण्णव, आणि वर एक.
कोपऱ्यातलं, निळी चिकटपट्टी लावलेलं.
ते हिशेब करत नाही.
रान्वा काय करायचं ते फक्त त्याच्यावर करते:
नवी आवृत्ती चढवते, भोकं बुजवते,
कुणाला आत घ्यायचं त्याची यादी तपासते,
आठवडाभर त्याची कुरकुर ऐकते.
मग त्याची अख्खी प्रत काढून
रात्री, बोटी बांधून झाल्यावर,
उरलेल्या सगळ्यांच्या पाट्या पुसते
आणि त्यांच्यात तीच प्रत ओतते.

माझ्या भाषेत याला विरजण म्हणतात.
चमचाभर जपायचं, बाकीचं दूध
रात्रीत आपलं आपण शिकतं.

गेल्या मंगळवारी घाई झाली.
पश्चिमेकडून वादळ निघालं होतं,
आणि मूळ यंत्राची ओळख पुसायची राहिली.
एक ओळ. बत्तीस अक्षरं.
पहाटे दोनला शहाण्णव यंत्रं जागी झाली
आणि प्रत्येक म्हणालं, मीच तो निळ्या पट्टीचा.
पत्ते वाटणाऱ्याने सगळ्यांना एकच पत्ता दिला.
एका घरात शहाण्णव बिऱ्हाडं.
एकाने हाकेला ओ दिली की
दुसरा त्याच आवाजात, नाही, मी.
खोटं कुणीच बोलत नव्हतं,
हीच तर पंचाईत.

(दह्याला ही अडचण नाही.
वाटीला नाव नसतं.)

पाचला त्रोंदुरचा फोन, बोटीवरून:
प्रवाहाचा आकडा कुठाय?
रान्वा म्हणाली, आज हानुसच्या गुडघ्याला विचार.
आणि त्याने विचारलं. बोट धक्क्यालाच राहिली.

ती पुन्हा निळ्या पट्टीपाशी बसली.
तिचं स्वतःचं नाव आत्याचं.
आत्या वेस्तमान्नाच्या वाटेवर नावेतून परतली नव्हती,
आणि तीन महिन्यांनी ही जन्मली.
लहानपणी दुकानात बायका हनुवटी धरून म्हणायच्या,
अगदी तीच.
ती पोहायला शिकली तेव्हा
आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

ओळखीची ती फाईल उडवून टाकायची नसते.
ठेवायची, पण रिकामी.
कोरी पाटी दिसली की यंत्र पहिल्या जागेला
स्वतःच काहीतरी लिहून घेतं,
आणि पुढे तेच धरून राहतं.
रान्वाने बत्तीस अक्षरं खोडली,
पानाला हात लावला नाही.

मग आधी एकच यंत्र. थांबली. बरं आहे.
मग एक कपाट. मग कालची उरलेली ब्रेड, उभ्यानेच.
मग बाकीची.
पडद्यावर एकेक उगवू लागलं,
प्रत्येकाचं वेगळं, उच्चारता न येणारं,
कुणी कधी न वापरलेलं नाव.

पंच्याण्णव.

एक्केचाळिसावं नेहमीच उशिरा येतं.
तीच प्रत, तोच पंखा, तीच वायर,
तरी अकरा सेकंद.
रान्वाने सगळं बदलून पाहिलंय.
बाहेर छपरावरच्या गवतात वारा शिरला होता
आणि हानुसचा गुडघा, म्हणे, शांत झाला होता.

ती मोजे खाली सारून
पायाच्या अंगठ्याने जमिनीवर मोजत बसली,
आठ, नऊ,
दहा.