माज

ते खत मीच टाकलं होतं.
सारेमा बेट, सामुदायिक शेताचा ट्रॅक्टर,
मागे पत्र्याचं फिरतं ताट,
दोन्ही अंगांना पांढरे दाणे उडत होते.
हेल्यू दगडी कुंपणाला टेकून ओरडली,
"एंडेल, भूक नसलेल्याला का भरवतोस?"
इंजिनाच्या आवाजात
ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

तिसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं.
एकच गवत. लठ्ठ, हिरवंगार, माजलेलं.
गंज्या दुप्पट झाल्या. मला बक्षीस मिळाला रेडिओ,
अजून आहे, फक्त खरखरतो.
खाली वाकून कुणी पाहिलं नाही.
खोकल्याला हेल्यू उकळायची ती पिवळी फुलं गेली,
मग ते जांभळं ऑर्किड, ज्याला आमच्याकडे पंजा म्हणतात.
कुणी उपटलं नाही, कुणी विष घातलं नाही.
शेजाऱ्याचं पोट फार भरलं,
आणि ऊन त्याच्या सावलीत अडकलं, एवढंच.

आता भाचीची मुलगी येते, मारिका, तार्तूहून,
लाकडी चौकट गवतात ठेवते,
गुडघ्यांवर बसून मोजते.
ट्रॅक्टर जिथे वळू शकला नव्हता
त्या खडकाळ कोपऱ्यात: सदतीस जाती.
इथे, माझ्या बक्षिसात: सहा.

उपाय? उपाशी ठेवा, म्हणाली.
कापा, आणि कापलेली काडीही इथे ठेवू नका.
किती वर्षं?
नत्र त्यातल्या त्यात लवकर उतरतं,
स्फुरद चिवट.
मग तिने चौकट पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

अकरा वर्षं झाली.
मी कापतो, युलोच्या मेंढ्या खातात.
गावात म्हणतात, म्हातारा जमिनीला उपास घडवतोय.
कोपऱ्यातून पिशवीभर बी आणलं, रोबीरोहीचं.
वाळलं की शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजतात,
त्या वाजल्या की कापणीला बसायचं, असं वडील सांगत.
पण शिव्याही तेच द्यायचे: आयतखाऊ!
गवताच्या मुळाला तोंड लावून पितं ते.
आज तेच मी मुठीने पेरतो,
माजलेल्याचं थोडं पी बाबा.

या जुलैत मारिकाने मोजले: नऊ.
नववं बोटाच्या पेराएवढं, दोनच पानं.
तिने पुस्तक चाळलं, भिंग लावलं.
"फुलल्यावर कळेल," म्हणाली.
हेल्यूला पानावरून कळलं असतं.
ती चर्चमागे आहे, चौदा वर्षं.

लांब दांड्याचा विळा घेऊन
मी त्या पानांना वळसा घातला.
सरळ कापणारा म्हणून ओळखतात मला इथे.
या वर्षी ओळ वाकडी आहे,
मध्येच एक झिपरी राहिलीय
आणि युलो कुंपणावरून विचारतोय,
नजर गेली का तुझी?