वाक्याचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ
विचारू नये म्हणतात.
हिल्का तिस्सारी दोन्ही विचारते,
कुओपिओच्या ग्रंथालयात, तळघरात,
लोकरीचे मोजे घालून, रीतसर पगार घेऊन.

या खेपेला वाक्य होतं:
"उजेडाची वाट पाहू नका,
पायाखालचा आवाज ऐका."
खाली एका दाढीवाल्या तत्त्वज्ञाचं नाव,
मागे सूर्यास्त.
किंवा सूर्योदय. फोटोत दोन्ही सारखेच.

तत्त्वज्ञाचे एकोणीस खंड तिनं चाळले.
त्यांत पाय दोनदाच येतात,
एकदा संधिवाताचे,
एकदा घोड्याचे.

मग ती जिना उतरावा तशी उतरत गेली.
एका मंत्र्याचं भाषण; तिथे नाव निराळंच.
एकाहत्तर सालची शाळेची रोजनिशी;
तिथे ती "जुनी चिनी म्हण" होती
(ज्या वाक्याचा बाप सापडत नाही
ते चीनच्या पदरात टाकायची चाल जुनी).
दारूबंदी मंडळाचं कॅलेंडर, मार्चचं पान;
तिथे उजेड नव्हता, कंदील होता.
आणि कुणा पाद्र्याच्या प्रवचनात
कंदिलाशेजारी बर्फही निघाला.

जितकं मागे जावं
तितकं वाक्य ओलं होत गेलं, जड होत गेलं,
त्याला रॉकेलचा वास येऊ लागला.

सतरा सालचा फेब्रुवारी.
वर्तमानपत्राचं चौथं पान.
हरवलेली घोडी आणि राईच्या पिठाचा भाव
यांच्या बेचक्यात, बोटभर सूचना:

"रॉकेल संपलं आहे.
तळ्यावरच्या वाटेला कंदील लागणार नाहीत.
त्यांची वाट पाहू नये. पायाखालचा आवाज ऐकावा.
भरीव आला तर पुढे जावं.
चिरका आला तर मागे फिरावं.
ताव्हेत्ती लुक्कारिनेन, वाटराख्या."

शेवटचं, मागे फिरण्याचं,
शंभर वर्षांत कुणीच पुढे धाडलं नव्हतं.
जीव वाचवणारं तेवढंच होतं.

हिल्कानं खुलासा लिहिला, तारखांसकट.
वाक्य तिकडे सूर्यास्तासह फिरतच राहिलं.
योएन्सूहून मात्र एक पत्र आलं,
आउने हाक्कारा नावाच्या बाईंचं:

"नवऱ्याच्या थडग्यावर हेच कोरून घेतलंय,
तत्त्वज्ञाच्या नावासकट. अक्षरागणिक पैसे मोजून.
नवरा बर्फ उपसायची गाडी चालवायचा.
आता मी काय करू?"

तीन दिवस उत्तर गेलं नाही.
हिल्का पेन्सिलींना टोक करत बसली.
चौथ्या दिवशी लिहिलं:

"दगडाचं तोंड उत्तरेला आहे का?
असेल तर घासू नका.
नाव खालच्या ओळीत असतं,
शेवाळ तिथूनच चढतं."

पाकीट चिकटवून ती तळ्यापर्यंत गेली.
काठापासून पाच पावलं आत.
टाच आपटली.
थांबली.
जरा पुढे सरकून
पुन्हा आपटली.